देवीला खिडकीची जागा

ज्या बाईला भाऊ एक आणि मुलं तीन, तिने भावाच्या लग्नाची तारीख मुलांपासून लपवून ठेवावी. आई कुठेतरी आनंदाने निघाली आहे असा सुगावा लागला की मुलांची अंगं आपोआप तापतात, गुडघे आपोआप फुटतात आणि घरातल्या बिया उठून त्यांच्या नाकात जाऊन बसतात. मी तर पंधरवडाभर सगळ्या नांदगावला सांगत सुटले होते की शिवाचं लग्न आहे, मी रेडीला माहेरी निघालेय, मी करवली आहे.

करवली म्हणजे काय ते पुरुषांना कळत नाही. आमच्या ह्यांना वाटायचं, करवली म्हणजे नटून मिरवणारी बाई. अहो, नवरा बोहल्यावर उभा राहिला की त्याच्या पाठीशी हातात पाण्याने भरलेला करा घेऊन त्याची बहीण उभी राहते. हा मान विकत मिळत नाही. शिवाला बहीण मी एकटीच, आणि मी वेळेवर पोचले नाही तर करा सुगंधाच्या हातात जाणार होता. सुगंधा म्हणजे माझी चुलतबहीण. तिने 'वेळ पडली तर' म्हणून भरजरी साडी आणून ठेवली आहे, असं मला कळलं होतं. वेळ पडावी म्हणून तिने कुठे नारळ ठेवला होता ते मात्र कळलं नाही.

मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा. देवगडहून येणारी दुपारची एस.टी. तिठ्यावर पकडायची, सावंतवाडीला उतरून रेडीची शेवटची गाडी धरायची. ही साखळी तुटली की संपलं. मी मुलांना घेऊन पुढे जायचं आणि हे दुसऱ्या दिवशी मागून यायचे, असं ठरलं होतं. हे मुहूर्ताला पोचणार नव्हते, पंक्तीला बरोबर पोचणार होते.

आमचे हे म्हणजे गुरुदास मास्तर. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. कधीतरी शिबिराला जाऊन ते प्रथमोपचार शिकून आले होते आणि तेव्हापासून घरात एक पत्र्याची पेटी आली होती. पेटीत कापूस, पट्टी आणि लाल औषधाची बाटली. पोराला काहीही होवो, हे पेटी उघडायचे, लाल औषध लावायचे, "जंतुसंसर्ग होता कामा नये" असं पुस्तकी मराठीत बजावायचे आणि हात धुऊन ओटीवर जायचे. पुढचं सगळं माझ्याकडे. एप्रिल महिना, वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला आलेले, त्यामुळे त्या दिवशी तर त्यांना हात धुवायलाही सवड नव्हती.

आणि घरात माई, माझ्या सासूबाई. माई आणि रेडी यांचं सूत कधी जुळलं नाही. कारण एवढंच की आमच्या लग्नात विहिणींच्या पंगतीत ओल्या काजूगरांची उसळ माईंच्या पानापर्यंत पोचेस्तोवर संपली. मुद्दाम कोणी केलं नव्हतं, वाढप्याचा अंदाज चुकला. पण नीरजा, मधू, सत्यवान अशी तीन नातवंडं झाली तरी माई ती पंगत विसरल्या नव्हत्या. माझ्या माहेरचा विषय निघाला की त्या एकच वाक्य बोलायच्या, "रेडयेची उसळ आमच्या पानार येवक नाय." एवढं बोलून उठून जायच्या.

तर त्या दिवशी सकाळी पिशवी भरून ठेवली, साडीला इस्त्री केली, आणि पोळ्या लाटायला बसले तोच नीरजा ओरडत आली.

"आई, सत्यान नाकात चिंचोको घातल्यान!"

सत्या, म्हणजे आमचा अडीच वर्षांचा सत्यवान, पडवीत मान वर करून बसला होता. तोंडाने श्वास घेत होता आणि एकूण प्रकारावर खूश दिसत होता. हे पेटी घेऊन आले. त्यांनी आधी नाकाच्या शेंड्याला लाल औषध लावलं. मग सत्याला प्रकाशाकडे वळवून म्हणाले, "नाकपुडीत परकीय पदार्थ गेल्यास घाबरून जाऊ नये. चिमटा वापरावा." चिमटा पेटीत नव्हता. तो शिबिरात होता.

मी मागच्या पडवीकडे बघून हाक मारली, "माई, तुमची तपकीर द्या बघू!"

एरवी नातवाला काही झालं म्हटलं की माई गुडघे विसरून धावायच्या. त्या दिवशी नुसता आवाज आला. "डबी कोनाड्यात आसा गो, तूच घे. माझे हात बरे नाय."

मी तपकीर सत्याच्या दुसऱ्या नाकपुडीजवळ धरली. त्याने अशी काही शिंक दिली की चिंचोका सुटला तो थेट ओटीवर, श्वसनसंस्थेच्या उत्तरपत्रिकेवर. ह्यांनी तो कागद झटकला, पुन्हा पेन हातात घेतलं आणि मला म्हणाले, "बघितलंस? घाबरून जायचं नसतं." मी पोळीकडे गेले. पोळी करपली होती.

पुढची पोळी तव्यावर पडते न पडते तोच अंगणात दाणकन आवाज झाला. नीरजाने माझ्या नव्या चपला पायात घालून, डोक्यावर तांब्या ठेवून, करवली कशी चालते ते करून बघितलं होतं. पायरीवर ठेच लागली आणि अंगठ्याचं नख निम्मं उठलं. तांब्याला पोचा पडला तो वेगळाच. मी कुंपणावरून दगडीपाला ओरबाडून आणला, चुरगाळून पिळला, चिंधी बांधली. हे आले आणि चिंधीवरूनच लाल औषध लावून गेले. नीरजा नऊ वर्षांची घोडी, पण रडत होती ती नखासाठी नव्हे. "माका आता मांडवात चपला घालूक गावायच्यो नाय!" तिचं दुःख मला कळलं. मी तिच्या जागी असते तर तशीच रडले असते.

तेवढ्यात मासळीवाली आली आणि ह्यांनी ताजे फडफडीत बांगडे घेतले. मी निघाल्यावर त्या रात्री घरात चमचमीत खायचा त्यांचा बेत होता. आमच्या घरात मासे माई सोडून कोणी साफ करायचं नाही, असा अलिखित कायदा. दुसऱ्याने केले की माईंना मासे कडू लागतात. पण त्या दिवशी माई पदरात हात लपवून दारातच उभ्या राहिल्या. "आज तूच कर गो विमल. माझ्या कमरेत कळ आसा." अंगाला खोबरेल तेलाचा वास येत होता. मला वाटलं, कमरेला चोळलं असेल. आणि खरं सांगते, मला त्यांचा रागच आला. सून माहेरी निघाली की सगळ्याच सासवांच्या कमरा धरतात, एवढंच मी मनात म्हटलं.

बांगडे साफ करून हात धुतले आणि मग लक्षात आलं की मधूचा आवाज बराच वेळ ऐकू आलेला नाही. सहा वर्षांचा मुलगा गप्प आहे म्हणजे घरात काहीतरी फुटलंय, सांडलंय किंवा मेलंय. शोधत गेले तर मधू भाताच्या कणगीमागे भिंतीकडे तोंड करून बसलेला. खांद्याला धरून फिरवला आणि उजेडाकडे ओढला. ओठ सुजलेले, तोंडाच्या दोन्ही कडांना आणि हनुवटीवर टपोरे फोड, उजव्या हाताच्या बोटांनाही तसेच. अंग थोडं कोमट.

आमच्याकडचं पोर अशा तोंडाने समोर आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. काजूच्या हिरव्या बीच्या सालीत जो चीक असतो तो कातडीला लागला की उततो, फोड येतात. म्हणून मी विचारलं, "मध्या, काजी फोडलंस काय रे दातान?"

मधूने जोरजोराने मान हलवली. "नाय." आणि माझ्या मागे बघितलं. मागे माई उभ्या होत्या.

"तेका काजी खंय गावतली?" माई म्हणाल्या. "पोता माझ्या खाटीखाली आसा." आणि त्या लगबगीने आत गेल्या. कमरेत कळ असलेल्या बाईच्या मानाने फारच लगबगीने, पण हे सुचायला माझं डोकं ठिकाणावर कुठे होतं!

नेमक्या त्या वेळी शेजारच्या हौसाबाई माझ्या केसांत माळायला अबोलीचा वळेसर घेऊन आल्या. हौसाबाई म्हणजे वाडीचं न्यायालय. कोणाला काय झालंय ते त्या एका नजरेत सांगत, आणि त्यावर अपील नसे. त्यांनी मधूकडे बघितलं, चपला बाहेर काढल्या, दोन पावलं मागे सरल्या आणि हात जोडले.

"गो बाये माझे! देवी इली गो तुमच्या घराक! वरच्या वाडीत राधाबायच्या नातवाक इली, ती खाली उतारली मगे!"

देवी म्हणजे कांजिण्या. खरी देवी केव्हाच संपली असं सरकारने गावोगावच्या भिंतींवर रंगवून कळवलं होतं, पण आमच्या वाडीत ती बातमी देवीपर्यंत पोचली नव्हती. कांजिण्या असोत, गोवर असो, घामोळं जरा जास्त असो, हौसाबाई म्हणाल्या की ती देवी. आणि देवी घरात आली की तिचे नियम. दाराला निंबाचा पाला. फोडणी नाही. केस विंचरायचे नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही, पाहुणीला दुखवायचं नाही. आणि ती जाईपर्यंत घरातल्या माणसाने गाव सोडायचं नाही. लग्नाच्या मांडवात पाऊल टाकायचं तर नावच नको.

मी ह्यांच्याकडे बघितलं. विज्ञानाचा मास्तर! शाळेत अंधश्रद्धेवर भाषण करून टाळ्या घेणारा माणूस! हे उठले, घसा साफ केला.

"हे पाहा, देवीबिवी मी मानत नाही. कांजिण्या हा विषाणूजन्य रोग आहे. तो संसर्गाने पसरतो. अशा वेळी प्रवास वर्ज्य. म्हणजे हौसाबाईंचं कारण चूक, पण निष्कर्ष बरोबर." एवढं बोलून त्यांनी दाढीचं सामान कपाटात ठेवून दिलं. उद्याची एस.टी. टळली, माझ्या मामांचे प्रश्न टळले, दाढी टळली. देवीने इतकं रोकडं वरदान त्या घरात दुसऱ्या कोणाला दिलं नसेल.

"अहो, कणकवलीला डॉक्टरांना तरी दाखवू," मी म्हटलं.

"देवी घरात आसताना सुई टोचतलंस?" हौसाबाईंनी कानांना हात लावले. "शिव शिव! आणि ह्ये बांगडे कित्याक ठेवलंस हंय? मासो देवीच्या नजरेक पडूक नको." त्यांनी सगळे बांगडे माझ्याच पातेल्यात घालून पदराआड केले आणि देवीच्या नजरेपासून दूर, म्हणजे स्वतःच्या स्वयंपाकघरात, नेऊन ठेवले.

बघता बघता बायका जमल्या. मधूला धुतलेला पंचा गुंडाळून पाटावर बसवला. एकेक बाई येऊन त्याच्या पाया पडू लागली. सकाळपर्यंत ज्याला सगळी वाडी 'मेल्या' म्हणून हाक मारायची, त्याला हौसाबाई हात जोडून विचारत होत्या, "आई माये, काय व्हया तुका? सांग."

मधू आधी घाबरला. एकदा माझ्याकडे, एकदा माईंकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "गोटी सोडा."

कोणीतरी तिठ्यावर धावलं. गोटी सोडा आला. देवीने ओठ दुखतायत म्हणून तो चमच्याने घेतला आणि मग जत्रेतलं गुळाचं खाजं मागितलं. खाजं आलं. सत्याच्या लक्षात आलं की पाया पडलं की खाज्याचा तुकडा मिळतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा रांगेत येऊन पडू लागला. नीरजाने लंगडत येऊन अंगठा पुढे केला. "माका पण देवी इली!"

"देवी पायाच्या आंगठ्याक येणा नाय," हौसाबाईंनी निकाल दिला. नीरजाने भोकाड पसरलं. आवाज करायचा नाही म्हणून तिला परसात पाठवलं गेलं.

मी आतल्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं. रडले. अगदी हुंदके देऊन रडले, लाज कसली? एकच भाऊ. लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन रेडीच्या पुळणीवर फिरवलेला. आणि उद्या त्याच्या मागे सुगंधा उभी राहणार, माझा करा घेऊन, मान वेळावत. शेवटी डोळे पुसले आणि पिशवी रिकामी करायला घेतली. साडी तरी चुरगळायला नको.

साडी काढली, पोरांचे कपडे काढले, आणि तळाशी हाताला काहीतरी थंड लागलं. मी ठेवलेलं नव्हतं ते. केळीच्या पानाची मोठी पुडी, केळीच्या सोपाने बांधलेली, वरून माईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला. सोडून बघितलं तर आत ओले काजूगर. सोललेले, पांढरेशुभ्र, एकही तुटलेला नाही. पानाच्या कडेला बोटांचे काळे डाग.

ओली काजू सोलायची म्हणजे किती जिवावरचं काम! हिरवी बी चिरायची, चीक हातावर उडतो, खोबरेल लावा, राख लावा, कातडी काळी पडायची ती पडतेच आणि सोलटून निघते. माईंनी पहाटेपासून मागच्या पडवीत बसून हे केलं होतं. मला कळू न देता. रेडीच्या लग्नासाठी. मधू शेजारी बसला असणार, एक बी उचलून दाताने फोडली असणार, आणि "कोणाक सांगू नको" असं आजीने दटावलं असणार. मेल्याने शब्द पाळला. बापाचा लाल औषधाचा वारसा घेण्यापेक्षा हे बरं.

मला सगळं समजलं आणि दोन्ही एकदम आलं. एक माया, एक संताप. अहो, हौसाबाईंनी 'देवी' म्हटलं तेव्हा या बाईने एकदा तोंड उघडलं असतं तर? पण कसं उघडणार? रेडीच्या नावाने इतकी वर्षं नाक मुरडून आता रेडीला काजूगर धाडते, हे हौसाबाईंसमोर कबूल करायचं? त्यापेक्षा देवी परवडली. इथे मात्र माझं करवलीपण बुडत होतं आणि गाडीची वेळ होत आली होती.

पुडी हातात घेऊन मी तणतणत बाहेर आले. ठरवलं होतं, पाटासमोर आपटायची आणि विचारायचं, ही तुमची देवी बघा.

ओटीवर बायका दाटल्या होत्या. माई मधूशेजारी बसल्या होत्या, हात पदरात. माझ्या हातातली पुडी त्यांना दिसली. त्यांचा चेहरा इतका उतरला की मी उंबऱ्यातच थांबले. करारी बाई ती. तरुणपणी विधवा झाली तरी कोणापुढे वाकली नव्हती. तिला मी हौसाबाईंपुढे वाकवणार होते?

मी पुडी पदराखाली घेतली.

"माई," मी म्हटलं, "तुमी गाराणा घाला. देवीक इचारा, तिच्या मनात काय आसा ता."

माईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. ह्यांनी मध्येच "गाऱ्हाणं घरच्या पुरुषानं घालायचं असतं" म्हणून पुढे होऊन हात जोडले आणि "उपस्थित बंधू आणि भगिनींनो" एवढं त्यांच्या तोंडून गेलं. हौसाबाईंनी त्यांना हाताला धरून बाजूला केलं. मग माई उभ्या राहिल्या. हात पदरातच ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"आई माये, आज तू ह्या लेकराच्या रूपान आमच्या घराक पाय लायलंस..."

"व्हय म्हाराजा!" बायकांनी साथ दिली. देव असो की देवी, आमच्याकडे साथ हीच.

"तुझो मान आमी केलो. निंबाचो पालो बांधलो. मासो घराभायर काडलो..."

"व्हय म्हाराजा!" इथे हौसाबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा.

"आता तुझ्या मनात पुढे जावचा आसा. दर्याचो वारो घेवचो आसा. रेडयेक आमच्या सोयऱ्यांकडे लगीन आसा, थंय जावन आशीर्वाद देवचो आसा..."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी एकटीने ओटी दणाणून जाईल असं म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मग बाकीच्याही म्हणाल्या.

"कोणाकडसून काय चुकला आसात," माईंनी हात पदरात आणखी आत ओढले, "म्हातारपणी कोणाच्या हातसून वंगाळ झाला आसात, ता पोटात घाल. तेचा खापर लेकरार नको, सुनेर नको."

"व्हय म्हाराजा," मी हळू म्हटलं.

"आणि माझ्या सुनेक येळेर माहेराक पोचव. करो तिच्याच हातात ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा!"

ह्यांना राहवलं नाही. "अहो, पण संसर्गजन्य रोग्याला सार्वजनिक वाहनातून..." ह्यांचं विज्ञान पहिल्यांदाच घरच्या कामात पडलं आणि नेमकं चुकीच्या वेळी.

"मास्तर, देवीच्या मधी तोंड घालू नकात," हौसाबाई कडाडल्या. "तिका जावचा आसा तर जावंदे." त्यांच्या स्वयंपाकघरातून तळलेल्या बांगड्यांचा वास येत होता. देवी गेली तर मासे परत मागायला कोणी येईल का, एवढाच विचार त्यांच्या कपाळावर दिसत होता. मी डोळ्यांनीच सांगितलं, राहू देत तुम्हाला.

पण देवीचा कौल तर घ्यायला हवा. हौसाबाई मधूपुढे वाकल्या. "आई माये, जातलंस मगे रेडयेक?"

मधूने खाज्याचा शेवटचा तुकडा गिळला. विचार केला.

"जातलंय," देवी म्हणाली. "पण माका खिडकीची शीट व्हयी."

"व्हय म्हाराजा!" सगळ्या वाडीने हात जोडले.

मग काय धावपळ! पिशवी पुन्हा भरली, काजूगर मुद्दाम सगळ्यांत वर ठेवले. माई बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत, आल्या. मी वाकून नमस्कार केला आणि उठताना पदराखालचे त्यांचे हात ओढून हातात घेतले. बोटं काळी पडलेली, कातडी सोलटत होती. मला रडू फुटलं.

"सोड गो," त्या हात काढून घेत म्हणाल्या. "तुका उततला. आणि थंय माझा नाव सांगू नको. देवीन धाडल्यान म्हण." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कोणाच्या पानार कमी पडूक नको."

तिठ्यावर हौसाबाईंनी कंडक्टरला गाडीत कोण बसतंय याची कल्पना दिली. पुढच्या खिडकीत बसलेला जाडजूड माणूस तोंडातलं पान थुंकून उठला आणि मागे जाऊन उभा राहिला. देवीचं अर्धं तिकीट काढलं. गाडी सुटल्यावर देवी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. खिडकी सत्याने घेतली.

दुसऱ्या दिवशी करा माझ्याच हातात होता. मागे वळून सुगंधाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी एकदा बघितलंच. पंगतीत उसळ वाढायला आली तेव्हा मी मांडवाच्या मधोमध उभी राहून, मामा, काका, वाढपी, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "काजूगर आमच्या माईंनी सोलून धाडलेत." त्या दिवशी उसळ शेवटच्या पानापर्यंत पोचली. हेही वेळेवर पोचले आणि त्यांनी दोनदा मागून घेतली.

आईला मी सगळं सांगितलं. तिने मूठभर काजूगर बाजूला काढून ठेवले आणि मी निघायच्या सकाळी त्यांची ताजी उसळ करून डबा भरला. संध्याकाळी घरी पोचल्यावर मी काही न बोलता माईंचं पान मांडलं आणि त्या डब्यातली उसळ वाढली. माईंनी पानाकडे बघितलं. एक घास घेतला.

"मीठ वायच कमी आसा," त्या म्हणाल्या, आणि जेवत राहिल्या.

मधू शेजारी येऊन बसला. तोंडावरचे फोड सुकत आले होते. "माई, देवीक वायच घाल मा."

"देवी रेडयेक गेली," माईंनी पानावर हात आडवा धरला. "तू भायर खेळ जा."